डबा रिकामा पाठवू नये

प्लेनो, ९ मार्च २०२५

ती. रत्नाताईस, गुरुनाथचा सा. न. वि. वि.

रिटायर झाल्यापासून मी गराजमध्ये दिवसभर काय करतो, असं विचारलंस. दारू मोजतो. घाबरू नकोस, बंदुकीची. नेमबाजीच्या रेंजवर पडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणायच्या, घासायच्या, त्यांत मापून दारू घालायची, वर गोळी बसवायची. शेजारच्या वेनने हे वेड लावलं.

मागच्या वर्षी त्याला पन्नास काडतुसं भरून दिली, आमच्या उत्तराच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यातून. डबा रिकामाच परत आला. मी थट्टेत म्हटलं, आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. पुढच्या खेपेला डब्यात वीस-वीसच्या नोटा! उत्तरा म्हणते, चिमूटभर साखर घातली असती तरी चाललं असतं. आता त्याचे दोन मित्रही डबे पाठवतात. छत्तीस वर्षं कॉम्प्युटरच्या चिपा डिझाइन केल्या, पण माझ्या हाताचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

शिवांगीला आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
गुरुनाथ

सनीव्हेल, ३० मार्च २०२५

चि. गुरुनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी फटाके सोलून दारू काढायचास, तेव्हाच तुझी लक्षणं कळायला हवी होती. पण तुझं पत्र शिवांगीला वाचून दाखवलं आणि तिचं हसू गेलं. पोरगी वकील झाल्यापासून कशालाच हसत नाही म्हणा. ती म्हणते, स्वतःसाठी भरलीस तर ठीक, विकायला भरायची तर सरकारी परवाना लागतो. शिवाय घराच्या विम्यात धंदा बसत नाही. मी म्हटलं, अगं, तो विकत नाही, डबा देतो. ती म्हणाली, नोटा डब्यातच आहेत ना? यावर तुला काही सुचलं तर कळव, आणि तोवर हे बंद कर.

काळजीत असले तरी तुझीच,
ताई

प्लेनो, १८ मे २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

बंद करणारच होतो. पण वेनचा डबा आधीच भरून ठेवला होता, म्हणून तेवढा दिला.

गेल्या महिन्यात एका शनिवारी रेंजवर त्याची रायफल हातात फुटली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. एका पुंगळीत दारूचं माप दोनदा पडलं असेल का? मी आठवून आठवून थकलो. कधी वाटतं पडलं, कधी वाटतं शक्यच नाही.

त्याच्या वकिलाचं पत्र आलंय. विमा कंपनीचा फॉर्मही आलाय. त्यात एक प्रश्न आहे : वस्तू विकली की भेट दिली? तिथे मी तीन दिवस अडलोय. उत्तरा माझ्याशी धड बोलत नाही. शिवांगीला विचार आणि लगेच कळव.

तुझा गोंधळलेला,
गुरुनाथ

सनीव्हेल, २७ मे २०२५

चि. गुरुनाथ यास अ. उ. आ.

शिवांगी म्हणते, भेट असेल तर कंपनी तुझ्यामागे उभी राहील, वेनच्या हाताचा खर्चही निघेल. विक्री असेल तर ते हात वर करतील आणि तुझी जन्मभराची शिल्लक जाईल. मग भेटच लिही की! पण ती म्हणाली, आपली ही पत्रंसुद्धा कोर्ट मागवू शकतं. मी फाडायला निघाले, तर ओरडली की तो आणखी मोठा गुन्हा. तेव्हा पत्र लिहू नये, हे मी तुला पत्रातून कळवते आहे.

मामाला एकच विचार, असं तिने सांगितलंय : पहिल्यांदा डब्यात नोटा बघितल्या, तेव्हा तुला काय वाटलं?

देव तुला नीट सुचवो.

तुझी,
ताई

प्लेनो, ८ जून २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्रही जपून ठेव.

वेनने त्याच्या वकिलाला सांगितलं, काडतुसं पैसे देऊन घेतली. मला राग आला. मग आठवलं, डबा रिकामा नको असं मीच त्याला म्हणालो होतो. बिचाऱ्याला वाटलं, मी लाजून पैसे मागतोय. आणि शिवांगीला सांग, नोटा बघताच मला कळलं होतं की त्याचा गैरसमज झालाय. हसून परत द्यायच्या होत्या. पण माझ्या हातच्या वस्तूला कुणीतरी किंमत दिली, हे मला आवडलं. त्याच नोटांनी मी पुढची दारू आणली. फॉर्मवर ‘विकली’ लिहून पाठवलं. उत्तरा माझ्याशेजारी येऊन बसली.

दाव्यामुळे वेनला भेटायचं नाही, म्हणून उत्तराने बेसनाचे लाडू करून त्याच्या बायकोकडे त्याच डब्यातून दिले. काल सकाळी डबा आमच्या पायरीवर होता. घासलेला, पुसलेला, रिकामा. वेनची बायको विसरली असेल असं उत्तरा म्हणते. मला वाटतं, ती विसरली नाही. आमच्या डब्यात काही घातलं की त्याचा सौदा होतो, अशी आता तिला भीती वाटत असेल.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी पत्र पाठव.

तुझा,
गुरुनाथ