विहिरीतल्या बाईचा पाचवा भाग

ती. गोदाआत्यास,

अमरावतीहून रविकांतचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिने चढू देत असतील, आणि मुख्याध्यापिकाबाईंना घाबरणारी पोरं अकोल्यात अजून शिल्लक असतील, असं धरून चालतो. इकडे आईबाबा ठीक. मी मात्र परवापासून एका जागी बसू शकत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा मित्र ओमप्रकाश तुला माहीत आहेच. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात रात्रपाळी करतो, बोलतो कमी, आणि चिडला की अजिबातच बोलत नाही. त्याच्यापाशी मला एक नाजूक गोष्ट काढायची होती. घरी त्याची आई, टपरीवर सगळं गाव. म्हणून 'विहिरीतली बाई : भाग पाचवा' या पिक्चरचा दुपारचा खेळ निवडला. (आधीचे चारही भाग आम्ही कॉलेजपासून मिळून पाहिलेत. हा इतका भंगार आहे असं ऐकलं होतं, की थेटर रिकामं असणार याची खात्री होती.)

आत्या, पिक्चर काय सांगू! पहिल्या भागात निदान खरी विहीर होती. आता सिमेंटची एक रिंग जमिनीवर ठेवलेली, आणि तिच्यामागे बाई उकिडवी बसलेली सरळ दिसते. भुताच्या मनगटावर घड्याळ. हिरॉइन कंदील घेऊन त्याच खोलीत पुन्हा पुन्हा शिरते. एक बकरी कॅमेऱ्याकडे बघत रवंथ करते, त्यातल्या त्यात काम तिचंच बरं. मी खुर्ची बदलली, पाणी पिऊन आलो, बुटाची नाडी सोडून परत बांधली, आणि दर वेळी "ओम्या" एवढं म्हणून अडकलो. शेवटी धीर करून वळलो, तर तो घोरत होता! म्हटलं, झोपलेल्यापुढे तरी म्हणून पाहावं, सराव होईल. पडद्यावर बाई किंचाळत होती, म्हणून मीही आवाज चढवला. नेमका तेव्हाच पिक्चरचा आवाज गेला.

"मले साधनाशी लग्न करायचं हाये!"

अख्ख्या थेटरात तेवढंच ऐकू आलं. (साधना म्हणजे त्याची धाकटी बहीण.) पुढच्या रांगेतल्या एक काकू खुर्चीवर मागे वळून बसल्या, पिक्चरपेक्षा हे बरं, असं त्यांना वाटलं असावं. ओमप्रकाश जागा झाला.

"कोणती साधना बे?"

"तुही बहीण."

"चूप बस. पिच्चर संपू दे."

राहिलेला पिक्चर मुकाच चालला. चार भागांत मिळून घाबरलो नव्हतो तेवढा मी तिथे घाबरलो. हा गेला तर मला दुसरा मित्र नाही, हे त्या अंधारात पहिल्यांदा कळलं. बाहेर आल्यावर त्यानं गाडीपाशी उभ्या उभ्या दह्यातला गिला वडा खायला घेतला. मग म्हणाला, "मंग आता तुले जवाईबापू म्हणा लागीन काय?" आणि इतका हसला की दही शर्टावर सांडलं. मीही हसलो, आत्या, पण डोळे पुसत.

"साधना हो म्हणते ना पण?" त्यानं विचारलं. माझं तोंड वड्यानं भरलेलं होतं. मान हलली. त्यानं तिथूनच आईला फोन लावला.

बाकी सर्व क्षेम.

तुझा भाचा,
रविकांत

ता. क. साधना तुझ्याच शाळेत गणित शिकवते, हे तुला सांगायला नको.

आणखी ता. क. ती हो म्हणते की नाही, मला ठाऊक नाही. तिला मी अजून विचारलेलंच नाही. (तिच्यासमोर गेलो की मी कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलत सुटतो.) तिच्या भावाला माहीत आहे, आईला माहीत आहे, थेटरातल्या काकूंनाही माहीत आहे. ओम्याची आई रविवारी पेढे घेऊन अकोल्याला निघते आहे. त्याआधी मधल्या सुट्टीत साधनाचा कानोसा घे. रागावणार नसेल तर कळव, मी येतो आणि स्वतः विचारतो. पत्र ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. ते चुकूनही तिच्या टेबलावर राहू देऊ नकोस.

(राहिलंच, तर उचलायची घाई करू नकोस.)