आखूड क्रँक

४ फेब्रुवारी

ताई हो म्हणाली! म्हणजे ‘बघू’ म्हणाली; पण तिचं ‘बघू’ म्हणजे होच.

तिची शर्यतीची सायकल माळ्यावरून उतरवली. फ्रेम ठणठणीत. बाकी सगळं गंजलेलं — गिअर, ब्रेक, चेन, पॅडल ज्यांना बसतात ते क्रँक. हा अख्खा संच माझ्या पगारातून नवा घ्यायचा. भारीतला नाही, सुरुवातीचा, पण घ्यायचाच. एप्रिलअखेर टेकडीच्या चढाची शर्यत आहे. ताई तीत उतरली पाहिजे.

बाबा आजारी पडले त्या वर्षी तिने शर्यती सोडल्या आणि बेकरीची व्हॅन चालवायला लागली. मी मात्र कॉलेजात गेले. घरातली पहिली पदवी माझी, असं सगळे म्हणतात. मला ती निम्मी ताईची वाटते. लहानपणी चढाच्या शेवटच्या वळणावर मी पाण्याची बाटली धरून उभी राहायचे. ती हातातून हिसकायची आणि मागे न बघता वर जायची. तशी पाठ मी अजून कुणाची पाहिलेली नाही.

७ फेब्रुवारी

मागे आठ चकत्यांचा गिअर घ्यावा की नऊ? वाचून वाचून डोकं भणभणलं. बाबा म्हणाले, “परीक्षेला एवढं वाचलं असतंस तर पेपरात फोटो आला असता.”

ताईला विचारलं. ती पावाचे ट्रे व्हॅनमध्ये सरकवत होती. “आठ. आठची चेन कुठेही मिळते. नऊ घेऊन काय विमान उडवायचंय?”

मोठेपणा न मिरवता मोठं असणं म्हणजे हेच.

१४ फेब्रुवारी

दुकानात गेलो. दुकानदारकाका तिला जुन्या दिवसांपासून ओळखतात. “काय, आता शर्यत व्हॅनसकट का?”

“हो ना. ढकलायला तुम्ही या.”

काकांकडे हँडलवरच्या गिअर-ब्रेकच्या दांड्यांची एक सुटी जोडी पडून होती, नऊवाली. “आठवर चालून जाते,” म्हणाले. मी म्हटलं, नाही चालणार. नऊ चकत्या जवळजवळ असतात, आठ लांब लांब. दांडी नऊच्या मापाने तार ओढणार आणि चेन दोन चकत्यांच्या मधेच कुरकुरत बसणार. काकांनी डोकं खाजवलं. मग आठवाली काढली.

“बघा,” ताई म्हणाली, “फुकट नाही शिकवलं हिला.” घरी येईपर्यंत मी हवेत होते.

क्रँकच्या वेळी काकांनी ताईची उंची बघून लांब काढले. ताई म्हणाली, “आखूड द्या.” काकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आखूड दिले. मी वाचलंय, आखूड क्रँकने गुडघा कमी वाकतो. दिवसभर क्लच दाबून तिचे गुडघे धरले असणार. कधी बोलली नाही! मागच्या चकत्याही तिने मोठ्यात मोठ्या निवडल्या, चढ हलका जावा म्हणून. एके काळी असल्या गिअरला ती ‘आजीबाईंचा जिना’ म्हणायची. आपली ताकद इतकी स्वच्छ ओळखणं मला कधी जमेल?

२२ फेब्रुवारी

अंगणात जोडणी. मी पाने-पकडी हातात देत होते, ती एकेक पार्ट बसवत होती. तार ओढायची, कान लावून चाक फिरवायची, स्क्रू किंचित पिळायची. शेवटी चेन आठही चकत्यांवरून अशी सरकत गेली की आवाजच नाही. बाबासुद्धा पेपर ठेवून बघत राहिले.

ब्रेकची दांडी मला धरायला लावली. “पोचतात बोटं?” थोडी लांब पडत होती. तिने बारीक स्क्रू फिरवून ती जवळ आणली. “आता?”

“मला काय विचारतेस? हात तुझा, चालवणार तू.”

“माझे हात काळे झालेत. तू सांग.”

१ मार्च

ताई अजून एकदाही सायकलवर बसलेली नाही. विचारलं तर म्हणते, घाई काय आहे.

८ मार्च

आज तिनेच सायकल दाराशी आणली, सीट धरली. “बस.” म्हटलं, तपासायला हवी असेल. बसले. पाय बरोब्बर पोचले. हातही. सगळंच.

“ताई, सीट केवढी खाली घेतलीस! ही तुला लहान होईल.”

“मला कशाला होईल? मी कुठे बसणार आहे?” आणि सीट सोडून दिली.

इतके दिवस मी एकूण एक पार्टचं माप बघितलं. बसणाऱ्याचंच तेवढं राहिलं.

१२ एप्रिल

पहिल्यांदा पूर्ण चढ. शेवटच्या वळणावर व्हॅन उभी, आणि ताई बाटली धरून. मी धापा टाकत जवळ आले तर म्हणते, “एक सांगायचं राहिलं. शर्यती मी बाबांसाठी सोडल्या नव्हत्या, आणि तुझ्यासाठी तर मुळीच नाही. कंटाळा आला होता गं मला.”

मी बाटली हिसकली आणि मागे न बघता वर गेले.