मांडलेलं पाणी

१९ मार्च १९८६, बुधवार

—आणि तो ग्लासही मोरीत ओतणार, तोच मी सरजाबाईंचा हात धरला.

"ताई, उष्टं हाय."

"उष्टं कसं? कुणी तोंडही लावलं नाही."

"टेबलावर जाऊन आलं की उष्टंच."

दुपारची जेवणं आटोपली होती. टेबलांवर राहिलेले सगळे ग्लास मी एका बादलीत ओतले. बादली भरली. दुसरी घ्यावी लागली. न प्यायलेलं पाणी! टँकर चार दिवसांआड येतो, मागच्या गल्लीत घागरीवरून बायकांची झोंबाझोंबी होते, आणि आपल्या हॉटेलात प्यायचं पाणी टेबलापर्यंत फिरून मोरीत जातं.

आबांना सांगितलं. गल्ल्यावरून मानही वळवली नाही.

"गिऱ्हाईक बसलं की पैलं पाणी मांडायचं. मग बाकी."

आबांनी रेल्वेच्या कँटीनमध्ये जन्मभर भाकऱ्या थापल्या, फंडाच्या पैशावर हे हॉटेल आणि वरच्या सहा खोल्या उभ्या केल्या. मालक ते. पण टाकी मी बघते.

२० मार्च

आजपासून नियम. दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलं — पाणी विचारून दिले जाईल.

शब्द नीट पाहिला. पाणी विचारणं. कुणाकडे गेलेला माणूस रागावून परत येतो तेव्हा म्हणतो, साधं पाणीही विचारलं नाही! मांडलं नाही, असं कुणी म्हणत नाही. म्हणजे मान विचारण्यात आहे. भाषा माझ्या बाजूने आहे. एम.ए. अगदीच फुकट गेलं नाही.

संध्याकाळी आबा फळ्यासमोर उभे राहिले. ते सावकाश वाचतात. वाचून झाल्यावर म्हणाले, "आज तारीख कोणती?"

"वीस."

"म्हैना?"

तेव्हा लक्षात आलं. महाडच्या तळ्याचा दिवस. या दिवशी सकाळी आबा आधी ओंजळभर पाणी पितात, मग चहा. आजही प्यायले असणार. मी टाकीचं माप घेत होते.

नियम आज सुरू करायला नको होता. पण मागे घेणार नाही. पाणी तारीख बघून आटत नाही.

२३ मार्च

चौथ्या दिवशी टँकर आला तेव्हा टाकीच्या तळाला पाणी शिल्लक होतं. हे पहिल्यांदाच!

आता थांबायचं नाही. स्टीलची ताटं बंद, पळसाच्या पत्रावळी. जेवून झालं की त्या मागच्या खड्ड्यात, खरकट्यासकट. पुढच्या वर्षी खत. भांडी आधी राखेने, मग एका पाण्याने. आंघोळीला एकच बादली, आणि न्हाणीचं सांडपाणी पिंपात धरून तेच संडासाला. चादर गिऱ्हाईक बदललं की बदलायची, रोज नाही.

पाच नंबरमध्ये बियाण्यांच्या कंपनीचा एक एजंट उतरलाय, धर्माबादचा. बादली बघून म्हणाला, "म्याडम, हे लॉज हाय का आश्रम?"

"आश्रमात भाडं घेत नाहीत."

हसला. एका बादलीत आंघोळ करून गेला.

२५ मार्च

तीन नंबरमधल्या माधवरावांबद्दल.

उस्मानाबादहून बदली होऊन आलेले अव्वल कारकून. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, माणसं आली. घरं आली नाहीत. म्हणून निम्मी कलेक्टर कचेरी लॉजांमधून राहते. माधवराव दिवाळीपासून आमच्याकडे आहेत. भाकरी, पिठलं, ठेचा, सगळं आवडीने खातात. पाणी मात्र स्वतःचं. फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. ओळखीच्या कुणाच्या घरून भरून आणतात. "पोटाचं पथ्य आहे," म्हणतात.

आबा रोज त्यांच्यापुढे ग्लास मांडत. ग्लास भरलेला परत येई. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा मांडत. मी एकदा विचारलं होतं, कशासाठी? म्हणाले, "उद्या पितील."

आता सरजाबाई विचारतात, "पाणी?" आणि माधवरावांना तोंडाने म्हणावं लागतं, "नको." सगळं हॉटेल ऐकतं. आज दोन शिक्षकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२८ मार्च

गुरुपादप्पा आले होते. रस्त्यापलीकडचं हॉटेल त्यांचं, वडिलांपासूनचं. गेल्या वर्षी त्यांनी अंगणात बोअर मारलं. पाणी लागलं. तेव्हापासून मागच्या गल्लीतला आड खाली खाली चाललाय. तिथे आमची कोंडाआत्या राहते. आबांची सख्खी बहीण. आता दोन दोर जोडून पोहरा सोडते.

"पोरी, पाईप टाकून देतो. रस्त्यावरून आणू. शेजारी कशाला म्हणायचं मग?"

"नको, अप्पा."

"अशी किती दिवस काढशील?"

"पाऊस येईपर्यंत."

"आन् न्हाई आला तं?"

"तर तुमचं बोअर तरी कुठं राहतंय?"

खो खो हसले. "जीभ बघा हिची! भीमराव, लई शिकवलंव तुम्ही पोरीला."

ते गेल्यावर आबा म्हणाले, "पाईप घे. ग्लास मांडता येतील."

"आणि आत्याचा आड?"

गल्ल्यातली चिल्लर पुन्हा मोजली, मग म्हणाले, "न्हाई तं नको घेऊ." आणखी थोड्या वेळाने — "पण मांडणं बंद करू नको, बाई."

२९ मार्च

नियम चालू आहे.

३ एप्रिल

भांडण झालं. लिहून ठेवते, कारण आबा एरवी इतकं बोलत नाहीत.

मी म्हणाले, ग्लास मांडण्यात काय आहे? ज्याला तहान आहे तो पितो. नाही त्याच्यासाठी ओतायचं कशाला?

म्हणाले, "अप्पाच्या बापाच्या वक्ताला त्या हॉटेलच्या भायेर कोनाडा होता. त्यात आमचा कप. आपण काढायचा, आपण धुवायचा. चहाचं सोड. पैसे दिले की चहा यायचा. पाणी न्हाई यायचं. पाण्याला पैसे नसत्यात ना! मग मागायचं. मालक, पाणी वाढा. मागायचं आन् थांबायचं. त्याला सवड झाली की तो यायचा, वरून ओतायचा. ओंजळीत. थोडं बाह्यांत जायचं." 

ओले हात पुसावेत तसे हात धोतराला पुसले. हात कोरडे होते.

"ह्या हॉटेलात कुणाला मागायला लागू नये. एवढ्यासाठी काढलं मी हे. भाकरी काय, कुणीबी विकतंय."

"मी मागायला लावत नाही आबा. विचारते."

"आज विचारतीस."

आबा अजून अप्पांच्या हॉटेलाची पायरी चढलेले नाहीत. कोनाडा कधीच बुजवला. कुणी अडवणार नाही, उलट या या म्हणतील. तरी नाही.

त्यांचं दुःख खरं आहे. माझा हिशेबही खरा आहे. पण दुःखाने टाकी भरत नाही.

८ एप्रिल

टँकर एक दिवस उशिरा. तरी पुरलं!

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. आबांनी सकाळीच मोठा रांजण भरून बाहेर ठेवला आणि स्वतः वाटायला उभे राहिले, निळा फेटा बांधून. कुणी हात पुढे करायच्या आधी ग्लास हातात. लेझीमची पोरं, आत्याच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या, बंदोबस्ताचे पोलीस. आजचा दिवस हिशेबाबाहेर.

रांजण दुपारीच संपला. उद्या फरशी पुसायची नाही, परवाही नाही.

२१ एप्रिल

स्टँडकडची दोन लॉजं बंद पडली. पाणी नाही. आमच्या सहाही खोल्या भरलेल्या. कचेरीत म्हणे सांगतात — भीमरावांच्याकडे जा, तिथं पाणी संपत नाही. एजंट परत आला आणि बरोबर तीन माणसं घेऊन आला. त्यांना स्वतःच समजावत होता, "बादली एकच मिळते हां! सवय होते."

संपत नाही, कारण सांडत नाही. इतकं सोपं आहे. दुष्काळाशी लढावं लागतं असं पेपरात रोज येतं. लढाई कसली? तोटी बंद करायची.

कोंडाआत्या आली होती. सांगत होती, आडाचं पाणी थोडं थांबलंय, आणखी खाली नाही गेलं. आमच्यामुळे नव्हे, हे मला कळतं. पण आमच्यामुळे आणखी खालीही गेलं नाही.

३० एप्रिल

चाललंय. चालणार.

२ मे

गर्दी इतकी की सरजाबाईंना प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारायला सवड नाही. त्यांनी आपणहून पद्धत बसवलीय. जो हाक मारेल त्याला. गिऱ्हाइकंही शिकली. "बाई, पाणी!" म्हटलं की ग्लास जातो, आणि मागून घेतलेलं पाणी कुणी टाकत नाही. बादलीत आज एक थेंब उरला नाही. माझ्या नियमापेक्षा ही पद्धत चांगली.

फळ्यावरचा खडू पुसट झालाय. कुणी वाचत नाही. गरज राहिली नाही.

५ मे

आबा हल्ली जेवणाच्या वेळी गल्ला सोडत नाहीत. पूर्वी टेबलाटेबलांतून फिरत. आज मी म्हटलं, जरा आत बघता का? म्हणाले, "आत माझं काय काम राह्यलं?"

रुसणं या वयात शोभत नाही. तोंडावर म्हटलं नाही.

९ मे, शुक्रवार

आज माधवरावांनी पाणी मागितलं!

त्यांच्या ओळखीच्या घरचा नळ परवापासून बंद आहे. तांब्या टेबलावर होता, सवयीने आणलेला. रिकामा असणार. जेवताना ठेच्याचा ठसका लागला. तांब्याची फिरकी उघडली, तिरका केला, परत ठेवला. सरजाबाई चुलीपाशी. खोकत खोकत म्हणाले, "पाणी—" कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. मोठ्याने. डोळ्यांतून पाणी येत होतं, चेहरा लाल. आता सगळी टेबलं त्यांच्याकडे बघत होती.

मी दारात होते. मुद्दाम उशीर केला नाही. घाईही केली नाही.

ग्लास नेऊन ठेवला. त्यांनी एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला. तोही. "उपकार झाले," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

आत आले तर सरजाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "पेले की वो ताई! आन् काईबी झालं न्हाई त्याईला!" मलाही हसू आलं. आबांनी इतके महिने मांडून जे झालं नाही, ते माझ्या नियमाने करून दाखवलं. हेच मला आबांना सांगायचं होतं.

आबा गल्ल्यावर नव्हते. बाहेर ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसलेले. मी सांगितलं. त्यांनी सगळं पाहिलेलं होतं.

"मागायला लावलंस त्याला."

"आबा, त्या माणसानं दिवाळीपासून आपल्या पाण्याला हात—"

"मी मांडत होतो न्हवं? मांडणं माझं. प्यायचं का न्हाई ते त्याचं. माझ्या बाजूनं काई राह्यलं नव्हतं. मागताना माणसाचं तोंड कसं होतंय, बघितलंस?"

"बघितलं."

"मी न्हाई बघितलं कधी. माझं मला कसं दिसनार? आज बघितलं."

यावर देण्यासारखी उत्तरं माझ्याकडे होती. चांगली होती. एकही दिलं नाही.

टाकीत पाणी पुरेसं आहे. टँकर उद्या. नियम चुकीचा नव्हता, हे अजूनही म्हणते. पण नियम विचारायचा होता. मागण्यावर तो केव्हा आला, मला कळलंच नाही. म्हणजे कळलं होतं. दोन तारखेला मीच लिहिलंय, ही पद्धत चांगली.

१० मे

सकाळी आबा गल्ल्यावर नव्हते. रस्त्यापलीकडे होते. अप्पांच्या हॉटेलात, आत, पहिल्या टेबलाशी. अप्पांनी स्वतः ग्लास आणून पुढे ठेवला. काही विचारलं नाही. आबा सावकाश सगळं पाणी प्यायले, उठले, रस्ता ओलांडून आले आणि गल्ल्यावर बसले. मी सरजाबाईंना सगळ्या टेबलांवर ग्लास मांडायला सांगितले. अर्धे.