उजव्या कानातली बुगडी

३ नोव्हेंबर १९८६, मुलुंड

लागली एकदाची नोकरी! पन्नाशीच्या बाईला कोण घेतंय, असं सगळे म्हणत होते. डॉ. मधुकर राजाध्यक्षांनी घेतलं. बंगल्याच्या मागच्या खोल्यांत त्यांची प्रयोगशाळा आहे. म्हाताऱ्या उंदरांना पाण्यातून संप्रेरक आणि जस्ताचा क्षार द्यायचा. औषध लागू पडलं, की लगेच मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढायची, कारण उशीर झाला तर पेशी पुन्हा म्हाताऱ्या होतात. ग्रंथी जेमतेम मुगाएवढी. तिच्या कापांच्या काचपट्ट्या मी रंगवायच्या. औषधाच्या उंदरांना खूण म्हणून उजव्या कानाला भोक. डॉक्टरांची बहीण रत्नप्रभाबाई वर राहते. फार लाघवी. दुपारी आवळ्याचं सरबत पाठवते.

१९ नोव्हेंबर

रत्नप्रभाबाईने हौसेने माझा कान टोचून आपली बुगडी घातली. उजव्याच कानात. दुसऱ्या कानाचं विचारलं तर एक पुरे म्हणाली. पिंजरे धुणारा लवू बघत होता.

८ डिसेंबर

भांगात मुळापासून काळे केस येताहेत. गुडघे दुखत नाहीत. बंद झालेली पाळी परत आली! खोटं कशाला लिहू, आरशासमोरून हलवत नाही. पण सरबताला पत्र्याची चव येते. परवा ते कुंडीत ओतलं, तर रत्नप्रभाबाई दुसरा ग्लास घेऊन स्वतः खाली आली आणि मी संपवेपर्यंत उभी राहिली.

१३ डिसेंबर

कपाटात एक जुनी काचपट्टी सापडली. तिच्यावरचा काप चांगला हरभऱ्याएवढा. एवढी ग्रंथी कुठल्या उंदराची? डॉक्टर म्हणाले, बकरीची. इथे बकरी कधी आणलीच नाही, असं लवू म्हणतो. माझ्या आधी विमलाबाई होत्या. गावी गेल्या म्हणे, पण चपला इथेच राहिल्या. त्यांच्याही कानात हीच बुगडी होती, हेही त्यानेच सांगितलं. लवू हळूच म्हणाला, घराक जावा बाई, परत येव नकात.

१५ डिसेंबर

बंगल्यावर पुन्हा जाणार नव्हतेच. पण काल सरबत नाही, तर गुडघे पुन्हा धरले. एकदाच पिऊन येते, मग नाही —

बंगल्यावर आलेय, वही पिशवीतच होती. लवूला रजा दिलीय. ग्लास संपवला. डॉक्टरांनी माझा भांग बोटांनी विस्कटून पाहिला. खूश झाले. लागू पडलं, म्हणाले. आता उशीर नको —

डॉक्टर बाहेर गेले आणि आता दार उघडत नाही. हाका मारल्या. भीती वाटतेय, फार —

रत्नप्रभाबाई आत आलीय. रागावलेली नाही. हात पुढे करून बुगडी परत मागतेय. पुढच्या बाईसाठी लाग—