माझ्या विहिरीचा आकडा

१२ जाने., दिवेआगर
आजच्या शाश्वत विकासाच्या सभेला खरं काय काय लागलं ते लिहून ठेवतो. पुण्याहून तीन गाड्या, एकीत एकच माणूस. शहाळी चाळीस, माझ्या वाडीतली. खुर्च्या आणायला माझा टेम्पो, माझं डिझेल, माझा रविवार. हाती आला एक फळा. त्यावर गावातल्या विहिरींची यादी. बायका दर महिन्याला पाण्याचा खारटपणा मोजणार, आकडा फळ्यावर लिहिणार, आणि तोच आकडा जगाच्या नकाशावर जाणार म्हणे. जगाला आमच्या विहिरीत डोकावायचंय!

सभा भरवणाऱ्या पुण्याच्या संस्थेची पोरगी मुक्ता. म्हणते, "काका, फेब्रुवारीपासून पंप दिवसातून एकदाच लावाल का? सगळ्या किनाऱ्यानं पाळलं तरच उपयोग."

हसून शहाळं पुढे केलं. आज पंप, उद्या म्हणतील खोल्या बंद करा. लोकांच्या माडांवर चढून चढून पर्यटकांसाठी आठ खोल्या उभ्या केल्यात मी, सभा भरवून नाही. सगळ्यांदेखत सांगितलं, गावात सगळ्यांत गोड पाणी माझं. जन्मात पाणी विकत घेतलं नाही, घेणारही नाही.

२ फेब्रु.
शेजारची सुमनकाकी त्या बायकांची म्होरकी झालीय. कुंपणावरून ओरडली, "वसंता, तुझा तो पोहायचा हौद भरायला लागला की माझ्या विहिरीत कळशी तळाला खडखडते रं!"

म्हटलं, काकी, वादळात पोफळी झोपल्या तेव्हा हे नकाशावाले कुठे होते?

"वादळ एका दिसाचं व्हतं. तुझा पंप रोज हाय."

जिभेला हाड नाही बाईच्या. उरलेल्या पोफळींची पानं टोकाला करपलीत तिच्या. खत घालत नसेल.

९ फेब्रु.
मुक्ता नमुन्याची बाटली ठेवून गेली. सगळ्यांनी दिली, आपण नाही दिली तर चर्चा. पाणी गोडच आहे, पण उगाच रिस्क कशाला. तीन नंबरच्या खोलीत मुंबईच्या पाहुण्यांनी विकतच्या पाण्याची अर्धी बाटली सोडली होती, ती नमुन्यात ओतली. बायको दारात.

"अहो, विहीर इकडे आहे."

१६ फेब्रु.
समाजमंदिरात मोजणी. मुक्तानं यंत्र बुडवलं, पुसलं, परत बुडवलं. "काका, आपल्या जमिनीतून इतकं स्वच्छ पाणी येत नाही."

काकी म्हणाली, "मुंबईची लाईन जोडलेली दिसतेय वसंताच्या विहिरीला." बायका फिदीफिदी. फळ्यावर सगळ्यांपुढे आकडा, माझ्यापुढे रेघ. असू दे. मला कुठे निवडणूक लढवायचीय.

५ मार्च
संस्थेचे परदेशी पाहुणे उतरलेत, माझ्याच खोल्यांत. वैर वैराच्या जागी, धंदा धंद्याच्या. इंग्रजी मी पर्यटकांकडून कानानं उचललं. बोलतो तुटकं, समजतं सगळं. जेवताना भागीदारी, सहभाग, पुन्हा भागीदारी. माशाचा काटा कोणाला काढता येईना. एकाचं म्हणणं, बायकांनी नऊवारी नेसून फळ्यापाशी उभं राहावं, फोटो छान येईल. मुक्तानं लाजत लाजत काकीला सांगितलं.

"त्याला सांग, लुगडं मोजायचं न्हाय, पाणी मोजायचंय."

एवढ्यापुरता मी काकीच्या बाजूचा.

६ मार्च
त्यांच्यात एक साठीची बाई, कुठल्याशा बेटावरची शिक्षिका. सकाळी चहा दिला, वर पाण्याची फुशारकी. एक घोट घेऊन कप ठेवला. मग वाडीत फिरून आली, हातात पडलेला नारळ. एवढेच असतात का, विचारलं. म्हटलं, वादळापासून लहान येतात.

म्हणाली, आम्हीही कित्येक वर्षं वादळालाच बोल लावला. आधी नारळ लहान झाले. मग चहात दूध फाटायला लागलं. आता पिण्याचं पाणी बोटीनं येतं.

मी विचारलं, तिकडे पंप कोणाचा होता?

"माझ्या नवऱ्याचा."

दिवसभर डोकं तापलेलं. गिऱ्हाइकावर ओरडता येत नाही म्हणून जास्तच.

२३ मार्च
संस्थेचं पत्रक आलं. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर आपला फळा. काकीचं नाव चुकवलंय. माझ्या नावापुढची रेघ मात्र ठळक. म्हणजे आता ती देशोदेशी पोचली. याला म्हणतात जागतिक सहभाग.

१० एप्रि.
पाच नंबरचा चहा फाटला. बायकोनं दुसरं दूध घेतलं, तेही फाटलं. दूधवाल्याला झापलं. तो म्हणे, "दादा, वरच्या आळीत हेच दूध घातलं. तिथं चहा पिऊनच आलोय." हौद भरत होता तेव्हा. पंपाचा आवाजही बदललाय, मधेच घशात अडकल्यासारखा. हे मला बरेच दिवस ऐकू येतंय, लिहिलं नव्हतं.

१६ एप्रि.
विहिरीचं, खरं, पाणी बाटलीत भरून ओट्यावर ठेवलंय. मुक्ता रविवारी येणार. द्यायचं की नाही, ठरत नाही. पंपाचंही नाही. सुट्ट्या तोंडावर, हौद कोरडा दिसला तर गिऱ्हाईक पुढच्या गावाला जाईल. संस्थेवरचा माझा राग तसाच आहे, त्याचा बाटलीशी संबंध नाही.

काकीनं कुंपणावरून पाहिलं. "ही कुठली रं, मुंबईची?"

"नाही. घरची."

"बरं."

सकाळी म्हसळ्याहून टेम्पो आला होता. पिण्याच्या पाण्याचे बारा जार उतरवून घेतले.