निळी स्कूटर मोजणीत नाही

३ मार्च, सकाळी ६.४०
चौदा तारखेला वॉर्ड ऑफिसात सुनावणी. प्रस्ताव: फूटपाथवर वाहन उभं करायला पूर्ण बंदी. आकडे मी मांडणार. भावना बाकीचे मांडतील.
खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना जवळपास दिसत नाही. रोज सकाळी पांढरी काठी घेऊन कोपऱ्यावर चहाला जातात. काल म्हणाले, एकट्याने करता येईल असं एवढंच उरलंय गं. नोंद केली. अहवालात वापरता येईल.
संकल्प: उद्यापासून सात दिवस, ऑफिसच्या आधी, पूर्ण रस्त्याची मोजणी.

४ मार्च
४३ वाहनं. फूटपाथची रुंदी १.८ मीटर. एक स्कूटर लागली की उरतात १.१.
रस्ता लांब, म्हणून मोजणी माझ्या निळ्या स्कूटरवरून. बिल्डिंगच्या पार्किंगमधून ती काढायला तीन गाड्या हलवाव्या लागतात. तेव्हा हे सात दिवस गेटबाहेर, खांबाला लागून, कव्हर घालून. मास्तर भिंतीच्या कडेने चालतात, तपासलं आहे. माझी स्कूटर मोजलेली नाही. मोजणाऱ्याचं साधन मोजणीत धरत नाहीत. टेप कुठे धरतो?

६ मार्च
गेटसमोरच्या टायरवाल्याचे टायर दुकानापुढे फूटपाथवर. बंदीला उघड विरोध. विचारलं, लाज नाही वाटत? म्हणाला, ताई, मी ठेवतो, म्हणून विरोध करतो. ठेवून वर पाठिंबा दिला असता तर वाटली असती. मग माझ्या स्कूटरकडे बघत राहिला. मी निघाले. बस चुकली असती. (स्कूटरवर होते. तरीही.)

संध्याकाळी
शांतपणे विचार केला. वागणं आणि राजकीय भूमिका या दोन स्वतंत्र राशी आहेत. दारुड्याने दारूबंदीला मत दिलं तर ते बाद होत नाही. उलट त्याला विषय आतून माहीत असतो. आईला फोनवर हे समजावलं. ती म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान... पुढचं म्हटलंच नाही. नुसती खोकली.

७ मार्च
ऑफिसात, वजनमापं तपासायच्या लॅबमध्ये, एका दुकानदाराचा वजनकाटा नापास केला. चूक दोन ग्रॅम. तो म्हणे, मॅडम, बाकी सगळं चोख आहे हो. म्हटलं, काट्याला बाकी काही नसतं.
वाक्य चांगलं होतं. घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.
संकल्प: उद्यापासून स्कूटर आत.

८ मार्च
आत जागा नव्हती. (पाहिलं नाही. नसतेच.)

११ मार्च, सकाळी ७.५०
मोजणी काल संपली. स्कूटर आज आत घेणार होते. काल खांबाजवळ कुणाची तरी मोटरसायकल होती, म्हणून एका रात्रीपुरती भिंतीला लावली.
सात वाजता मास्तर तिच्यावर आदळले. उजवं मनगट मोडलं.
मी धावत खाली. त्यांच्या सूनबाई ओरडत होत्या, कोण मेलं इथे गाडी लावतं! मास्तर म्हणाले, असू दे, असेल कुणाला घाई. मग सूनबाई माझ्याकडे बोट करून त्यांना म्हणाल्या, बघा बाबा, ही बिचारी तुमच्यासाठी आठवडाभर मोजत फिरतेय. मी काठी शोधून दिली. चाकात अडकली होती. टायरवाला शटर अर्धं उघडून उभा होता.
सांगणारच होते. पण सुनावणी तीन दिवसांवर. आता बोलले तर प्रस्ताव पडेल. स्वतःचं मन हलकं करायला सार्वजनिक हिताचा बळी देणं हा स्वार्थ. सुनावणीनंतर सांगेन. ठरलं.
कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, आज आलेच नाहीत. म्हणजे मास्तर जातानाच पडले. चहा झालाच नव्हता.

१४ मार्च
आकडे मांडले. नवव्या स्लाइडवर मास्तरांचं प्लास्टर. हा फोटो मीच काढला. त्यांनी हात नीट दिसेल असा धरला होता.
प्रश्न आहेत का, विचारल्यावर टायरवाला उठला. तो म्हणाला, ताईंचे आकडे खरे आहेत. मास्तर पडले ते मी डोळ्यांनी पाहिलं. माझे टायर मी कालच आत घेतले. आता विरोध कुठल्या तोंडाने करू? बसला. माझ्याकडे बघितलं नाही.
प्रस्ताव मंजूर. टाळ्या.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.

१६ मार्च
सांगायला गेले. वाक्य पाठ होतं, अकरा शब्दांचं. काठी दाराजवळ खिळ्याला टांगलेली. सूनबाई म्हणाल्या, आता एकट्याने बाहेर पडणं बंद. मास्तर म्हणाले, हिच्याबरोबर तर सोडशील? हिच्यावर माझा भरवसा आहे.
माझा दंड धरून चालले. फूटपाथ रिकामा. पूर्ण १.८ मीटर. गेटबाहेर थांबून त्यांनी डाव्या हाताने भिंत चाचपली. इथेच ना? म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, ती गाडी तू मोजली होतीस ना गं?
म्हटलं, हो.
म्हणाले, मग बरं. पडणं वाया गेलं नाही.
पाठ केलेलं वाक्य चहाच्या टपरीपर्यंत तोंडात होतं. तिथे मी म्हटलं, दोन कप, एक बिनसाखरेचा.

रात्री अहवाल काढला. पान चार, पहिली ओळ: ४३. खोडून ४४ केले.
माझ्या प्रतीत. पेन्सिलीने.