कोणाचंच नसलेलं नाव

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर परवानगी देते तेवढा प्रत्यक्ष वाकलो आहे, उरलेला मनातल्या मनात.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टर म्हणाले म्हणजे उतरायला हरकत नाही, असा अर्थ तू काढलास, हे भाचीकडून कळलं. भाऊजींचं कानात घालायचं यंत्र सापडलं का? नसेल तर फार शोधू नका, ते हरवल्यापासून त्यांची तब्येत सुधारली आहे असंही तीच म्हणाली. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे मी सोडून सगळे.

नात झाल्याची बातमी फोनवर दिलीच होती. वजन चांगलं, आवाज खणखणीत, नाक आपल्याकडचं. (सूनबाई म्हणते तिच्याकडचं. असू दे. बाळंतिणीशी नाकावरून कोण भांडणार?) पण नाव काय ठेवलं असं तू विचारलंस आणि फोन बंद पडला, तो काही आपोआप पडला नव्हता, मी पाडला. ते नाव तेव्हा गुप्त होतं. आता ते इतकं उघड झालं आहे की सांगायला लाज वाटते. तरी या पत्रात मी ते लिहिणार नाही. पत्रं फुटतात, आणि तुझ्या शेजारणीला तर चष्म्याशिवाय वाचता येतं.

झालं असं की, जगात दुसऱ्या कोणाचंच नसेल असं नाव ठेवायचं, हा चिरंजीव आणि सूनबाईंचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट. मी हयातभर नावांच्या पाट्या कोरत आलो, त्यामुळे या विषयात मला थोडं कळतं असा माझा समज होता. पूर्वी काय सुख होतं. घरोघरी तीच ती नावं. मी रिकाम्या वेळात नावं कोरून ठेवायचो, गिऱ्हाईक आलं की पुढे नुसतं आडनाव जोडून द्यायचो. आता प्रत्येकाला एकमेव नाव हवं असतं. आणि गंमत बघ, ही एकमेव नावं सगळी सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. आमच्या जिन्यात उभं राहून यांतलं कुठलंही एक नाव पुकारलं, तर चार मजल्यांवरची चार पोरं ओ देतात आणि कोणालाच आपण चुकलो असं वाटत नाही.

तर या दोघांनी महिनोन् महिने खपून, जाडजूड कोश उलथेपालथे करून एक नाव काढलं. उच्चारताना आधी दात मिटावे लागतात, मग ओठ पुढे काढावे लागतात आणि शेवटी थोडा श्वास सोडावा लागतो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला चहा गरम आहे की काय असं सूनबाईने विचारलं. अर्थ म्हणे, पहाटे गवताच्या पात्यावरून दव घरंगळायच्या आधीचा क्षण. एवढासा क्षण, त्यालाही कोणीतरी शब्द करून ठेवला होता, म्हणजे त्या काळी लोकांना कामधंदे नव्हते असं दिसतं. मग चिरंजीवाने खात्रीसाठी दुसरा कोश पाहिला. त्यात अर्थ निघाला, जात्याखाली घालायचं फडकं. तिसऱ्या ठिकाणी तो शब्द परदेशी निघाला, आणि त्याचा अर्थ होता नदीकाठची एक वेल, जनावरांना खायला घालू नये अशी. सूनबाईने पहिला कोश ठेवून घेतला आणि बाकीचे परत करायला लावले. अर्थ निवडायचा असतो, सापडत नसतो, असं तिचं मत आहे. मला पटलं. (तिच्या हातात बाळ असताना मला तिची सगळी मतं पटतात.)

माझं चुकलं ते इथून पुढे. हे नाव खरोखर कोणाचं नाही ना, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. तुमच्या दुकानात दिवसभर माणसं येतात, तर कोणाच्या कानावर न घालता जरा अंदाज घ्या, असं मला सांगितलं. आता ताई, तूच सांग, एखादं नाव कोणाचं आहे का हे कोणाच्या कानावर न घालता कसं विचारायचं? मी सरळ विचारत सुटलो. पाटी न्यायला आलेल्या वकिलाला विचारलं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं, पोस्टमनला तर दोनदा विचारलं, कारण त्याच्या हाताखालून सगळ्या वस्तीची नावं जातात. प्रत्येकजण म्हणाला, छे, असलं नाव आयुष्यात ऐकलं नाही. मी खूश. मग प्रत्येकजण विचारायचा, अर्थ काय हो? आणि अर्थ सांगायला लागलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. पहाट, गवत, दव, सगळं हातवारे करून सांगायचो. औषधवाला तर गोळ्या मोजायचा थांबला.

एवढ्यावर भागलं असतं. पण नाव चांगलं की वाईट हे कानाला कळत नाही, पाटीवर कळतं, असं मी मानतो. म्हणून पितळेची एक चांगली पट्टी काढून त्यावर ते नाव कोरलं. अक्षरांत काळा रंग भरला, आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे ती पाटी दुकानाच्या काचेत टांगून रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. पाटी हातात धरून वाचायची नसते, येणाऱ्याला जिथून दिसेल तिथून वाचायची असते, हे मला माझ्या उस्तादाने कान पिळून शिकवलं आहे. काय दिसत होतं म्हणून सांगू! जोडाक्षर असं डौलात बसलं होतं की माझंच मला कौतुक वाटलं. रंग वाळेपर्यंत पाटी तिथेच राहिली. वाळल्यावरही राहिली, कारण येता-जाता माणसं थांबून बघायची आणि मला बरं वाटायचं. खाली मी बारीक अक्षरांत अर्थही लिहून ठेवला होता, म्हणजे उगाच कोणाचा घोटाळा नको.

मग लस टोचायचा दिवस आला. सूनबाईने दवाखान्यात पहिल्यांदाच ते नाव जगासमोर सांगितलं. मी पिशवी सांभाळायला बरोबर होतो. बाकावर आयांची रांग, पोरांचा कल्लोळ. नर्सबाईने दारातून नाव पुकारलं. सूनबाई पदर सावरून अशा थाटात उठली की जणू बक्षीस घ्यायला चालली आहे. आणि तिच्याबरोबर आणखी दोघी उठल्या. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नर्सबाईने कपाळाला हात लावला आणि विचारलं, या महिन्यात हे काय खूळ निघालं आहे? त्यातली एक औषधवाल्याची मुलगी होती. तिने बिचारीने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "पाट्यांच्या दुकानात बघितलं, अर्थासकट." सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आपल्या हातून बरणी फुटायची तेव्हा आई बघायची ना, तसं. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागलो.

त्यानंतर तर पूरच आला. वकिलाच्या भावाला मुलगा झाला, त्याचंही तेच ठेवलं. (मुलाला चालतं का, असं मी विचारलं, तर म्हणे अर्थ चांगला आहे.) एका वसतिगृहाने घेतलं, एका धुलाई केंद्राने घेतलं. समोरच्या गच्चीवर रोज संध्याकाळी एक बाई त्याच नावाने कुत्र्याला हाका मारते, आणि कुत्रंही मेलं एका हाकेत येतं. वाईट म्हणजे या सगळ्यांच्या पाट्या कोरायला माझ्याकडेच येतात, आणि सुंदर होतात. धंदा असा कधी चालला नव्हता, आणि घरी मी तोंड दाखवू शकत नाही.

घरात निकाल लागला आहे. नाव तुम्ही घालवलंत, आता तुम्हीच दुसरं आणा, आणि जोपर्यंत आणत नाही तोपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. सूनबाई हे ओरडून बोलली असती तर बरं होतं, ती अगदी शांतपणे बोलली. नाव द्या आणि नात घ्या, असा सौदा आहे. चिरंजीव माझ्या बाजूने आहे, पण फक्त स्वयंपाकघरात, भांडी घासताना, पाण्याचा आवाज चालू असेपर्यंत. ताई, खरं सांगतो, मी दारात उभा राहून तिला बघतो. ती हल्ली मूठ उघडायला शिकली आहे. कोणीही बोट पुढे केलं की घट्ट धरते. सगळ्यांची बोटं धरून झाली, शेजाऱ्यांची झाली, गॅसवाल्याचंसुद्धा धरलं. माझं राहिलं आहे. फार वाईट वाटतं गं.

नावं मी पुष्कळ नेली. एका निवृत्त भाषाशिक्षकांनी मोठ्या मनाने सात अक्षरी नाव दिलं, ते पूर्ण होईपर्यंत पोर रांगत जिन्यापर्यंत जाईल. एका अंकवाल्याने एक अक्षर वाढवा म्हणजे भाग्य उघडेल असं सांगितलं, पण कुठलं अक्षर याची फी वेगळी. मी स्वतः दोन जुने शब्द जोडून एक तयार केलं, तर चिरंजीव म्हणाला हे सर्दीच्या औषधाचं नाव आहे. बाळ अजून बिननावाचं आहे. आम्ही तिला 'ही' म्हणतो आणि 'ही' रडली, 'ही' झोपली, असं चाललं आहे. मधूनच माझ्या बायकोचा गैरसमज होतो.

असो. तू पडलीस घरात गुडघ्याने, तुला कशाला हे पुराण. पत्र केवळ गुडघ्याच्या चौकशीसाठी होतं. भाऊजींना नमस्कार सांग, ऐकू गेला तर.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालून दोन दिवस झाले आणि मध्यंतरी एक घडलं. जन्मनोंदणीच्या कचेरीत मी एका पाटीच्या कामासाठी गेलो होतो. तिथल्या कारकुनाला सहज विचारलं, अलीकडे अजिबात न येणारं नाव कुठलं? त्याने जरासा विचार केला आणि तुझं नाव घेतलं. म्हणाला, जुन्या वह्यांत पानोपानी आहे, आता त्याच्या सगळ्या नोकरीत एकदाही आलेलं नाही. ताई, तेच नाव, ज्याला तू जन्मभर बोल लावलास, वर्गात पाचजणी त्याच नावाच्या म्हणून रडत घरी आलीस, आणि सहीतसुद्धा कधी पूर्ण लिहीत नाहीस. मी घरी आलो, पितळेच्या एका तुकड्यावर ते लिहिलं आणि सूनबाईसमोर ठेवलं. तिने दोनदा वाचलं. मग विचारलं, याचा अर्थ काय? मला माहीतच नव्हता. आपल्याकडे कोणी कधी विचारलाच नाही. मी म्हटलं, "अर्थ? माझी मोठी बहीण." ती उठली. आत गेली, बाळाला घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. तेव्हा आता तुझी परवानगी हवी. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठी आहे, गुडघा निमित्त.

ता. क. २. परवानगी तू देशीलच असं धरून काल नोंदणी करून आलो. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर उत्तर पाठवायची तसदी घेऊ नकोस.

ता. क. ३. एक अडचण झाली आहे. मी तुला जन्मात नावाने हाक मारलेली नाही, आणि आता ते नाव घ्यायला जीभच उचलत नाही. पोरीला घेतलं की तोंडातून 'ताई' निघतं. माझं ऐकून चिरंजीवही ताई म्हणतो, आणि आज सकाळी सूनबाईसुद्धा म्हणाली. एवढ्या खटाटोपाने मिळालेलं नाव घरात कोणीच घेत नाही. तर गुडघा कसाही असो, गाडी करून ये, आणि तूच तिला एकदा तुझ्या नावाने हाक मार.